पंचांची काडी, कोर्टाची तारीख

हिंदू बाईला नवऱ्यापासून सुटण्याची सोय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिल्यांदा झाली, असं सर्रास बोललं जातं. ब्राह्मण, प्रभू आणि कुलीन म्हणवणारी मराठा घराणी, एवढ्यांपुरतं ते बरंचसं खरं आहे. बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य महाराष्ट्रात नवरा-बायकोचं पटेनासं झालं की प्रकरण जातीच्या पंचांपुढे जाई. पंच चावडीवर नाहीतर देवळापुढे बसत, दोन्हीकडचं ऐकून घेत, आधी समेट घडवून पाहत. तो फसला की नवऱ्याकडून सोडचिठ्ठी लिहून घेत. लिहिणारं कोणी नसलं तर चारचौघांसमोर काडी मोडली की झालं. लग्नात नवऱ्याचा झालेला खर्च बाईच्या माहेरने, नाहीतर तिच्याशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावणाऱ्याने भरून द्यायचा. पंचांना दंड, जातीला जेवण. मराठेशाहीत सरकारही यातून आपला वाटा काढून घेई. पाटावर 'पाटदाम' नावाचा कर होता, आणि कधीमधी होणाऱ्या गोष्टीवर कोणतंही सरकार कर बसवत नाही.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या इंग्रज सरकारला या मुलखात न्याय कशाच्या आधाराने करायचा हा प्रश्न पडला. शास्त्री-पंडितांना विचारून पोथीतला कायदा कळत होता, पण लोक पोथीप्रमाणे वागत नव्हते. म्हणून आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या जातीजातींतून चौकशा करून त्यांचे रिवाज टिपले. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात एकेका जातीपुढे पाट चालतो की नाही, सोडचिठ्ठी चालते की नाही, दंड कोणाकडे जातो, हे नोंदलेलं आहे. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे जे नियम झाले त्यांनी दोन गोष्टी ठरवून दिल्या. दिवाणी दाव्यात, सरकारी कायदा नसेल तिथे, आधी त्या भागातली वहिवाट पाहायची आणि जातीच्या भानगडीत कोर्टाने पडायचं नाही. कागदावर पंचांची काडी सुरक्षित होती.

एवढ्यावरून पंचांची आरती ओवाळायचं मात्र कारण नाही. पंच म्हणजे पुरुष. बऱ्याच ठिकाणी नवऱ्याने मान्य केल्याशिवाय बाई मोकळी होत नसे आणि तो मान्यतेचा भाव वाढवत नेई. मुलं बापाकडे राहत. ज्याच्या वाड्यावर पंच जेवायला जात त्याच्या सुनेची दाद लागणं कठीणच. पण निकाल त्याच बैठकीत, फार तर पुढच्या बाजाराच्या दिवशी लागत असे, आणि बाई दुसरं घर करायला मोकळी होई. ही गोष्ट पुढच्या दीडशे वर्षांच्या हिशेबात धरून ठेवायला हवी.

ही वाट बंद व्हायला सुरुवात झाली ती फौजदारी बाजूने. १८६२ पासून इंडियन पीनल कोड लागू झालं. त्याचं कलम ४९४ सांगत होतं की जोडीदार जिवंत असताना दुसरं लग्न केलं आणि ते लग्न त्या कारणाने रद्दबातल ठरत असलं, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. हिंदू पुरुषाला हे कलम शिवतही नव्हतं, कारण त्याची दुसरी बायको कायद्याने बायकोच होती. अडकायची ती बाई. १८६४ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे गुजरातेतल्या कोळी समाजातलं एक प्रकरण आलं. बाईने पहिल्या नवऱ्याच्या संमतीशिवाय जातीच्या रिवाजाने दुसऱ्याशी संसार मांडला होता. रिवाज असा आहे हे खरं असलं तरी तो अनीतीचा आहे, म्हणून कोर्ट तो मानणार नाही, असं न्यायमूर्तींनी ठरवलं. बाई द्विविवाहाच्या कलमात, तिचा नवा नवरा व्यभिचाराच्या कलमात. १८७६ मध्ये त्याच हायकोर्टाने पुढचं पाऊल टाकलं: लग्न मोडल्याचं जाहीर करण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीला अधिकारच नाही. पंचांनी हो म्हटलं म्हणून आम्ही प्रामाणिकपणे केलं, हा बचावही चालणार नाही.

१८६४ चे ते न्यायमूर्ती ज्या देशातून आले होते तिथे साध्या माणसाला कोर्टातून घटस्फोट मिळू लागून जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती. १८५७ च्या कायद्याआधी इंग्लंडात पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. म्हणजे तो फक्त धनाढ्यांना परवडे. आणि १८५७ नंतरही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचारावर आणखी क्रूरतेसारखं काहीतरी सिद्ध करावं लागे. त्या डोळ्यांना कोळणीचा काडीमोड अनीती दिसला यात नवल नाही.

मौज अशी की याच काळात इतरांसाठी कायदे होत होते. पारशांनी स्वतःच मागणी करून १८६५ चा विवाह आणि घटस्फोट कायदा मिळवला. मुंबईत त्यांचं वेगळं कोर्ट झालं आणि तिथे न्यायाधीशाबरोबर समाजाचे प्रतिनिधी बसू लागले. १८६६ मध्ये धर्मांतर करून ख्रिस्ती झालेल्यांसाठी, १८६९ मध्ये ख्रिस्ती लोकांसाठी कायदा आला. हिंदूंच्या वाट्याला काय उरलं? वरच्या जातींना पोथीतलं न सुटणारं लग्न आणि खालच्या जातींना अर्धामुर्धा रिवाज, जो गावात चाले आणि कोर्टात लटपटे. नवऱ्याने रीतसर सोडचिठ्ठी दिली असेल तर कोर्टं बहुधा ती मानत. जिथे बाई आपणहून, जातीच्या आधारावर बाहेर पडे तिथेच ती अडवली जाई.

या पार्श्वभूमीवर रखमाबाईंचा खटला पाहिला की त्याचं एक वेगळंच अंग दिसतं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी नांदायला गेल्याच नव्हत्या. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये नांदवण्याचा दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात प्रकरण परत आलं आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम केला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंगात जाईन, असं त्या म्हणाल्या. टिळकांच्या पत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, सुधारक त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजी गप्प बसला. 'घटस्फोट घेणारी पहिली हिंदू स्त्री' असं त्यांच्याबद्दल अजूनही छापून येतं. ते चूक आहे. घटस्फोट झालाच नाही. झाली ती पैशाची तडजोड, लग्न होतं तसंच राहिलं. डॉक्टर होऊन सुरतेला इस्पितळ सांभाळणाऱ्या रखमाबाईंनी १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर विधवेची पांढरी साडी नेसली, यात सगळं आलं. त्यांची आई जयंतीबाई पहिल्या नवऱ्याच्या निधनानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करू शकल्या होत्या, कारण त्यांच्या सुतार जातीत ते चालत होतं. ज्या नांदवण्याच्या दाव्याने मुलगी तुरुंगाच्या दारापर्यंत गेली तो मात्र हिंदूंचा नव्हता, इंग्रजांच्या चर्चच्या कायद्यातून इथल्या कोर्टांनी उचललेला होता. त्यातली तुरुंगाची तरतूद १९२३ मध्ये गेली. दावा स्वतः आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये जिवंत आहे. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं.

ब्रिटिश मुलखात सगळं असं थिजलेलं असताना हालचाल झाली ती संस्थानांत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडाचा कायदा केला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला. गोव्याची गोष्ट आणखी निराळी. पोर्तुगालमध्ये राजेशाही उलथून प्रजासत्ताक आलं आणि महिन्याभरातच, ३ नोव्हेंबर १९१० ला, घटस्फोटाचा हुकूमनामा निघाला. त्यात परस्परसंमतीनेही लग्न मोडता येत होतं, आणि तो पुढे गोव्यालाही लागू झाला. म्हणजे गोव्याच्या हद्दीवरचं बांदा ओलांडून पलीकडे गेलं की कायदा साठ-पासष्ट वर्षं पुढे.

दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात मुंबईचे नामांकित सर्जन डॉ. गोपाळराव देशमुख यांनी १९३८ मध्ये हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क देणारं विधेयक आणलं. वर्षभरापूर्वी त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विधवांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा मंजूर झाला होता. घटस्फोटाच्या वेळी सभागृहाने पाठ फिरवली. पण १९३९ मध्ये त्याच सभागृहाने मुस्लिम स्त्रियांना कोर्टातून लग्न मोडून घेण्याचा कायदा दिला. पंजाबात नवऱ्याच्या जाचातून सुटण्यासाठी बायका धर्म सोडू लागल्या होत्या, त्याची धास्ती उलेमांनाच बसली होती. हिंदू धुरीणांना तशी धास्ती वाटावी असं काही घडत नव्हतं. हिंदू बाई माहेरी येऊन बसे, नाहीतर विहीर जवळ करी.

अखेर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात दोन कायदे पाठोपाठ झाले. १९४६ मध्ये हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी आणि १९४७ मध्ये मुंबई हिंदू घटस्फोट कायदा. दोन्ही एकमेकांना धरून होते. नवऱ्याची दुसऱ्या लग्नाची वाट बंद केल्यावर पहिलं लग्न मोडण्याची वाट देणं भाग होतं. नपुंसकत्व, सात वर्षांचं वेड किंवा महारोग, सात वर्षं बेपत्ता असणं, बाहेरख्याली संबंध आणि सलग चार वर्षं टाकून देणं, अशी कारणं त्यात होती.

यातलं 'टाकून देणं' म्हणजे नेमकं काय, हे ठरवणारा मोठा निकाल ज्या प्रकरणात लागला, त्याचा एक धागा जळगावात आहे. मुंबईतला एक व्यापारी तरुण १९४७ च्या जानेवारीत धंद्यासाठी विलायतेला गेला. तो तिकडे असताना बायकोने एका घरोब्यातल्या तरुणाला लिहिलेलं पत्र घरच्यांच्या हाती लागलं. मे महिन्यात नवरा परतला, त्याने जाब विचारला, आणि चारच दिवसांनी ती माहेरी जळगावला निघून गेली. घरात लग्नकार्य होतंच. जुलैत नवऱ्याच्या सॉलिसिटरची नोटीस गेली: यापुढे आपल्याला ती नको आहे, मुलाला मात्र परत पाठवावं. पुढे वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये तिला परत पाठवण्याची बोलणी चालू असताना नवऱ्याची तार आली, तिला अजिबात पाठवू नका. चार वर्षं भरली तशी जुलै १९५१ मध्ये त्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायको मला टाकून गेली.

मार्च १९५२ मध्ये न्या. तेंडोलकरांनी घटस्फोट दिला. ऑगस्टमध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्या. भगवती यांनी तो फिरवला. ऑक्टोबर १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने छागलांची बाजू उचलून धरली. न्या. सिन्हा यांनी त्यात जे सांगितलं ते आजही प्रत्येक वकील अशा अर्जात घोकतो. नुसतं घर सोडून जाणं म्हणजे टाकणं नव्हे. संसार कायमचा मोडायचा हा इरादाही सोबत हवा आणि दोन्ही गोष्टी पूर्ण मुदतभर टिकायला हव्यात. दुसऱ्या बाजूची त्याला संमती नसली पाहिजे, आणि तिने परतीची वाट अडवलेली नसली पाहिजे. ती शरमेने गेली असेल, पण नंतर परत यायला तयार होती. ती नोटीस आणि ती तार नवऱ्याने स्वतः धाडली होती, आणि त्याच दोन कागदांनी त्याचा दावा बुडवला. निकाल कायद्याच्या दृष्टीने चोख आहे, वाचताना पटतो. मग लक्षात येतं की दावा लागून पाच वर्षं आणि ताटातूट होऊन नऊ वर्षं झाल्यावर कोर्टाने दोघांना सांगितलं, तुम्ही नवरा-बायको आहात.

तिकडे दिल्लीत हिंदूंचा कौटुंबिक कायदा एकत्र बांधणाऱ्या हिंदू कोड बिलावर रण माजलं होतं. १९४५ मध्ये या बिलासाठी नेमलेली राव समिती गावोगाव साक्षी घेत फिरली तेव्हा तिला काळी निशाणं दाखवली गेली. कायदामंत्री डॉ. आंबेडकरांनी बिल हाती घेतल्यावर विरोध आणखी तापला. घटस्फोटाने हिंदू संस्कृती बुडेल, असं म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९४९ च्या भाषणात आकड्यात उत्तर दिलं. हिंदूंत नव्वद टक्के शूद्र आहेत, त्यांच्यात काडीमोड चालत आलेला आहे. मग दहा टक्क्यांचा नियम नव्वद टक्क्यांवर लादायचा, की नव्वदांचा नियम सगळ्यांचा मानायचा? या सबंध वादात मला हा मुद्दा सगळ्यांत मोलाचा वाटतो. सुधारकांची भाषा बहुतेक वेळा 'आता आपण पुढे जाऊ' अशी होती. बाबासाहेब म्हणत होते, तुमच्या शेजारच्या आळीत हे आधीपासून आहे, जरा पाहा. बिल मात्र रेंगाळत ठेवलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं.

पुढे बिलाचे तुकडे करून ते मंजूर करण्यात आलं. त्यातला विवाहाचा तुकडा लोकसभेत चालवला तो हरि विनायक पाटसकरांनी, जळगावच्याच खासदारांनी. १८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रखमाबाई गेल्या.

मुंबई प्रांतातल्या माणसाला हा कायदा एका बाबतीत मागे नेणारा होता, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. १९४७ च्या कायद्यात टाकून देणं हे घटस्फोटाचं सरळ कारण होतं. १९५५ च्या कायद्यात क्रूरता आणि टाकून देणं यांवर मिळायची ती फक्त न्यायिक फारकत. ती मिळाल्यावर दोन वर्षं थांबायचं, तरी संसार जुळला नाही तर घटस्फोटाचा नवा अर्ज करायचा. लग्नाला तीन वर्षं होईपर्यंत एरवी अर्जच करता येत नसे. हुकूमनामा झाल्यावर पुन्हा लग्नासाठी आणखी एक वर्ष. विरोधकांना शांत करता करता सरकारने वाटेत इतके उंबरे घातले की चालणारा दमून जावा.

क्रूरतेचं कोडं पुण्यातल्या एका सुशिक्षित जोडप्याने सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं. १९५६ चं लग्न, १९६२ चा अर्ज, १९७५ चा निकाल. बायको तान्ह्या मुलीच्या जिभेला तिखट चोळायची, रात्री दिवा लावून नवऱ्याच्या उशाशी बसून त्याला छळायची, जाळून घेण्याच्या धमक्या द्यायची, असं कोर्टापुढे आलं. न्या. यशवंतराव चंद्रचूडांनी ही क्रूरता आहे असं मान्य केलं. शिवाय खुनाच्या खटल्यासारखा निःशंक पुरावा इथे लागत नाही, काय अधिक संभवतं ते पाहायचं, हेही त्यांनी कायमचं ठरवून टाकलं. आणि अर्ज फेटाळला. का? तर या सगळ्यानंतरही दोघं एकत्र राहिली, तिसरं मूल झालं, म्हणजे नवऱ्याने ते माफ केलं होतं. एका खोलीच्या संसारात एकत्र राहणं म्हणजे माफी, असं धरायचं तर अर्ध्या महाराष्ट्राने सगळ्यांना सगळं माफ केलेलं आहे.

पुढच्याच वर्षी, आणीबाणीच्या दिवसांत, २७ मे १९७६ पासून कायदा बदलला. क्रूरता आणि दोन वर्षं टाकून देणं ही घटस्फोटाची थेट कारणं झाली, तीन वर्षांची अट एकावर आली, आणि कलम १३-ब ने परस्परसंमतीचा घटस्फोट आणला. वर्षभर वेगळं राहिलेल्या नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन आम्ही ठाम आहोत असं सांगायचं. मधल्या काळात कोणीही मन बदलू शकतं. कोणाचं चुकलं हे कोर्टाने विचारायचं नाही, ही गोष्ट हिंदू विवाह कायद्यात तेव्हा पहिल्यांदा आली. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं. संसार दुरुस्तीपलीकडे मोडला आहे एवढ्याच कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार मात्र घटनेच्या कलम १४२ खाली फक्त सुप्रीम कोर्टाकडे आहे, असं २०२३ च्या घटनापीठाने ठरवलं. जिल्ह्याच्या कौटुंबिक कोर्टात ते कारण आजही चालत नाही.

आणि पंचांची काडी? ती १९५५ च्या कायद्यात एका कोपऱ्यात जपून ठेवलेली आहे. कलम २९ चं दुसरं पोटकलम म्हणतं की रिवाजाने लग्न मोडून घेण्याचा जो हक्क असेल त्याला या कायद्याने बाध येणार नाही. त्यामुळेच गावोगाव स्टॅम्पपेपरवर फारकतनामे लिहिले जातात, नोटरीचा शिक्का बसतो, दोन साक्षीदार सह्या करतात आणि दोन्हीकडची मंडळी सुटलो म्हणून घरी जातात. काही वर्षांनी नवरा वारतो, पेन्शनसाठी दोन बायका अर्ज करतात, किंवा पोटगीच्या अर्जात समोरचा वकील तो कागद पुढे करतो. मग विचारणा होते: या जातीत असा रिवाज पूर्वापार आणि सलग चालत आला आहे का, त्याला पुरावा काय, जाणती माणसं कोण साक्ष द्यायला येणार? जातीत रिवाज होता हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो सिद्ध करणं ज्याच्या-त्याच्या डोक्यावर, आणि साक्षीला येतील असे म्हातारे पंच आता सापडत नाहीत. रिवाज शाबीत झाला नाही तर फारकतनाम्याला रद्दीची किंमत, पहिली बायको अजून बायकोच, आणि विश्वासाने दुसरं घर केलेल्या बाईला कायद्याच्या लेखी नवरा नाही.